टोकियोतून नागपूरला: जुन्या धाटणीची टेलिकास्टर घरी आणताना

नागपुरात बसून जुन्या धाटणीची इलेक्ट्रिक गिटार घ्यायची म्हटलं की पहिली अडचण येते ती माहितीची. इंग्रजीत ढीगभर मजकूर आहे. पण कस्टम्सला किती पैसे भरावे लागतील, गिटार विमानातून कशी आणायची आणि मे महिन्यात कूलरच्या खोलीत तिचं काय होईल, हे आपल्या गावाच्या हिशेबानं एका जागी लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही. म्हणून हा लेख. माझी गिटार म्हणजे फेंडर या अमेरिकी कंपनीच्या १९५२ सालच्या टेलिकास्टर मॉडेलची जपानमध्ये १९९० च्या दशकात बनलेली रीइश्यू. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती मी टोकियोत वापरलेली घेतली. तिनं आता नागपूरचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढलाय. त्यामुळे फक्त खरेदीचंच नाही, सांभाळण्याचंही लिहिता येईल.

शोध सुरू केला तो एप्रिल २०२४ मध्ये. मूळ पन्नासच्या दशकातली टेलिकास्टर घेण्याचा प्रश्नच नव्हता. चांगल्या अवस्थेतला नग वीस लाखांच्या पुढे जातो, आणि त्यात खरे भाग किती, बदललेले किती, हे ओळखणं माझ्या आवाक्याबाहेरचं. राहिली रीइश्यू, म्हणजे कंपनीनं आपलंच जुनं मॉडेल एका ठरावीक सालच्या मापांप्रमाणे पुन्हा बनवलेलं. मला वाटायचं की रीइश्यू म्हणजे फक्त रंगरूप जुनं. वाचत गेलो तसं कळलं की त्यात त्या सालच्या अडचणीही तशाच ठेवलेल्या असतात. यातल्या कोणत्या अडचणींसोबत आपण राहू शकतो हे आधी ठरवायचं, हाच या खरेदीचा खरा अभ्यास.

टेलिकास्टरचा इतिहास थोडा सांगतो, कारण दुकानात मॉडेलांची नावं ऐकताना तो कामी येतो. १९५० मध्ये लिओ फेंडरनं एस्क्वायर आणि दोन पिकअपची (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग) ब्रॉडकास्टर या गिटारी आणल्या. ब्रॉडकास्टर हे नाव ग्रेच कंपनीच्या ड्रमच्या नावाशी जुळतं म्हणून ग्रेचनं हरकत घेतली. मग १९५१ मध्ये काही महिने हेडस्टॉकवर (गिटारच्या दांड्याचं टोक) नुसतंच ‘फेंडर’ छापून गिटारी निघाल्या. त्यांनाच आज नोकास्टर म्हणतात. त्यानंतर टेलिकास्टर हे नाव आलं. १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीनं फेंडर विकत घेतली. त्यानंतरच्या गिटारी अनेकांना रुचल्या नाहीत, सत्तरच्या दशकात वादकांचा जीव जुन्या गिटारींवरच राहिला आणि त्यांच्या किमती चढल्या. तेवढ्यात जपानमध्ये टोकाई आणि ग्रेको या नावांखाली पन्नास-साठच्या दशकांतल्या मॉडेलांच्या इतक्या नेमक्या प्रती निघायला लागल्या की फेंडरला उत्तर देणं भाग पडलं. १९८२ मध्ये फेंडर जपानची स्थापना झाली. कान्दा शोकाई आणि यामानो गाक्की या जपानी कंपन्या भागीदार, आणि बांधणी मात्सुमोतोच्या फुजीजेन कारखान्यात. त्याच वर्षी अमेरिकेतही ५२ ची टेलिकास्टर आणि ५७ व ६२ ची स्ट्रॅटोकास्टर (फेंडरचंच दुसरं मॉडेल) या रीइश्यू आल्या. म्हणजे रीइश्यू ही कल्पना अमेरिकेइतकीच जपानचीही आहे. जपानी म्हणजे दुय्यम, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

भारतात नवी अमेरिकन रीइश्यू दोन लाखांच्या वर जाते आणि नागपुरात ती हाताळून बघायला मिळत नाही. जूनमध्ये मुंबईला गेलो तेव्हा एका दुकानात अशी एक वाजवून पाहिली. पहिल्या पाच मिनिटांतच जाणवलं ते फिंगरबोर्डच्या (तारा जिच्यावर दाबतात ती पट्टी) गोलाईमुळे. जुन्या फेंडरची गोलाई ७.२५ इंचांची, आजच्या बहुतेक फेंडरची ९.५ इंचांची. हा आकडा त्रिज्येचा, म्हणून आकडा लहान म्हणजे गोलाई जास्त. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरायला ही गोलाई फार सुखाची, हात आपोआप बसतो. पण तारा फिंगरबोर्डच्या अगदी जवळ ठेवल्या आणि बाराव्या फ्रेटच्या (फिंगरबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) पुढे पहिली तार खेचून वर नेली, तर सूर मध्येच दबून मरतो. मी लीड (एकेका सुराची धून) कमी आणि कॉर्ड जास्त वाजवतो, त्यामुळे मला चालणार होतं. तुम्ही जर मोठमोठे बेंड घेत असाल, म्हणजे तार खेचून सूर चढवत असाल, तर बारा ते सतरा या फ्रेटवर पहिल्या दोन तारा खेचून बघितल्याशिवाय कुठलीही रीइश्यू घेऊ नका.

परदेशातून कुरिअरनं मागवायचा विचारही केला होता. एका मालवाहतूक एजंटाला फोन केला. इलेक्ट्रिक गिटार कस्टम्स टॅरिफच्या ९२०७ या शीर्षकाखाली येते, पण वैयक्तिक वापरासाठी आलेली वस्तू ९८०४ खाली धरली जाऊ शकते आणि तिथला दर वेगळा असतो. शिवाय ड्यूटी फक्त गिटारच्या किमतीवर लागत नाही. भाडं आणि विमा मिळवून जी किंमत होईल तिच्यावर लागते. केवायसीची कागदपत्रं, अधिकारपत्र, एजंटाची फी हे वेगळंच. शेवटचा आकडा आधी सांगायला कुणी तयार नव्हतं, म्हणून तो नाद सोडला.

सप्टेंबरमध्ये ऑफिसच्या कामासाठी टोकियोला जायचं नक्की झालं. मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या उद्योग वसाहतीत, काम करणाऱ्याला अशी संधी वारंवार येत नाही, तेव्हा निघण्याआधी दोन महिने हाताशी होते ते कागदपत्रांत आणि वाचनात घालवले. बँकेतून फॉरेक्स कार्डावर येन भरून घेतले. त्यासाठी पॅन, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि फॉर्म ए२ (परकीय चलन घेण्याचा अर्ज) लागला. बँकेची बाई फार मदतीची होती, पण येन शाखेत लगेच मिळत नाहीत, चार-पाच दिवस आधी सांगावं लागतं. दुसरी तयारी कस्टम्सच्या नियमांची. ते मी केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावरून वाचले, आणि तुम्हीही तिथूनच वाचा, कारण दर आणि मर्यादा बदलत असतात. मी खाली देतोय ते २०२४ चं.

टोकियोत ओचानोमिझू नावाचं स्टेशन आहे. तिथून मेजी विद्यापीठाच्या बाजूनं जो रस्ता उतरत जातो त्याच्या दोन्ही अंगांना गिटारचीच दुकानं, काही तर चार-पाच मजल्यांची. उतार संपला की जिंबोचो, जुन्या पुस्तकांचा भाग. कामाचे दिवस संपले आणि शनिवारी सकाळी मी तिथे पोचलो. दुकानं अकराच्या सुमारास उघडतात, त्या वेळी गर्दी नसते आणि शांतपणे वाजवता येतं. तिथली रीत अशी की भिंतीवरची गिटार आपण उतरवायची नाही. बोट दाखवायचं, विक्रेता उतरवतो, सुरात लावतो, स्टूल आणि छोटा अँप, म्हणजे ॲम्प्लिफायर, देतो. जाकिटाची चेन आणि पट्ट्याचं बक्कल सांभाळावं. आवाज हळू ठेवावा. बोलणं फोनवरच्या भाषांतरानं भागतं.

फेंडर जपानच्या मॉडेलांची नावं सोपी आहेत. टीएल५२ म्हणजे ५२ ची टेलिकास्टर, एसटी६२ म्हणजे ६२ ची स्ट्रॅट. सुरुवातीच्या १९८२ ते ८४ च्या गिटारींचा क्रमांक ‘जेव्ही’ अक्षरांनी सुरू होतो, त्या संग्राहक घेतात आणि महाग असतात. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मेड इन जपान’च्या जागी ‘क्राफ्टेड इन जपान’ हा शिक्का आला. मी ज्या तीन-चार टीएल५२ वाजवल्या त्यात सारख्या दिसणाऱ्या दोन गिटारींचं वजनही सारखं नव्हतं. एकीची बॉडी ॲशच्या लाकडाची होती, तर मी शेवटी घेतली ती बासवुडच्या लाकडाची. १९५२ ला फेंडर ॲश वापरायची, म्हणजे कागदावर माझी गिटार मूळच्या मापाशी तंतोतंत जुळत नाही. पण ॲशवालीच्या फ्रेट झिजून सपाट झाल्या होत्या आणि हिच्या सगळ्या शाबूत. फ्रेट बदलून देणारा माणूस नागपुरात शोधण्यापेक्षा बासवुड बरं असा निर्णय मी तिथेच घेतला, आणि आजही तो मला योग्य वाटतो. तसंही २०२० मध्ये फेंडरनं स्वतःच आपल्या नेहमीच्या गिटारींतून ॲश काढून टाकायला घेतलं. मिसिसिपीच्या काठचे पूर आणि झाडं पोखरणारा किडा यांमुळे ते लाकूडच दुर्मीळ झालंय.

फिनिशबद्दल, म्हणजे लाकडावरच्या लेपाबद्दल, मात्र मी आधीच ठाम होतो. महाग रीइश्यूवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. ते पातळ असतं, छान जुनं होतं, पण तापमान एकदम बदललं तर त्याला केसासारख्या भेगा पडतात, आणि स्टँडच्या रबराशीही ते रासायनिक क्रिया करतं. ज्या गावात दुपारी बाहेर पंचेचाळीस आणि खोलीत कूलरचा गारवा असतो, तिथे मला पॉलिएस्टरचं जाड फिनिशच हवं होतं. अस्सलपणावाले नाक मुरडतील, पण गिटार माझ्या घरात राहणार आहे.

किंमत करासह १,३२,००० येन. तेव्हा पर्यटकाला तिथला दहा टक्के उपभोग कर माफ व्हायचा, मूळ पासपोर्ट दाखवावा लागायचा, फोटोकॉपी चालायची नाही. कर वजा जाता १,२०,००० येन, म्हणजे त्या वेळचे साधारण ६६,६०० रुपये. बिल इंग्रजीत मागून घेतलं, त्यावर मॉडेल, सिरियल नंबर, ‘वापरलेली’ असा उल्लेख आणि प्रत्यक्ष भरलेली रक्कम. हे बिल परतताना दिल्लीच्या कस्टम्सला फार कामी आलं, ते विसरू नका.

आता आणायची कशी? केबिनमध्ये अख्खी गिटार नेण्याची परवानगी विमान कंपनीवर अवलंबून, आणि माझ्या कंपनीनं लेखी हमी दिली नाही. पण फेंडरचा एक मोठा गुण असा की नेक (गिटारचा दांडा) बॉडीला चार स्क्रूंनी बसवलेला असतो. दुकानातल्या माणसाला फोनवरच्या भाषांतरानं विचारलं, ‘नेक वेगळा करून देता का?’ तो हसला, मान डोलावली आणि काउंटरवर एक हिरवं कापड पसरलं. तारा उतरवल्या, आणि चार स्क्रू काढून एका छोट्या पाकिटात घालून पाकिटावर क्रमानं खुणा केल्या. नेक उचलला तेव्हा त्याच्या टाचेवर शाईचा फिकट शिक्का आणि पेन्सिलीनं केलेली कुणाची तरी खूण दिसली. तीस वर्षांपूर्वी ती करणाऱ्या कारागिराचा हात माझ्यासमोर होता, त्या क्षणी मला खरंच भरून आलं.

टेलिकास्टरचा नेक साधारण ६७ सेंटिमीटर लांब. अठ्ठावीस इंची बॅगेत तो तिरका बसतो, चोवीस इंचीत बसत नाही, तेव्हा घरून निघतानाच मोठी बॅग घ्या. बॉडी स्वेटरमध्ये गुंडाळून मधोमध, नेक दोन बाजूंना कपडे लावून. स्क्रू ड्रायव्हर चेक-इन बॅगेतच ठेवायचा. विमानतळावर बॅग देण्याआधी जपानी कस्टम्सला करमाफीची खरेदी पासपोर्टवरून दाखवायची असते. वस्तू चेक-इन बॅगेत जाणार असेल तर काउंटरवर तसं आधीच सांगा, कारण ते ती बघायला मागू शकतात.

दिल्ली, टर्मिनल ३, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. खरं सांगतो, या टप्प्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. विमानात झोपच लागली नाही. २०२४ मध्ये परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू करमुक्त आणता यायच्या. त्यावरच्या रकमेवर ३५ टक्के सीमाशुल्क आणि त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, मिळून ३८.५ टक्के लागायचे. दोन गोष्टी लोक चुकीच्या सांगतात. एक म्हणजे, ‘वापरलेली गिटार आहे, ती वैयक्तिक वस्तूंत सुटते.’ तेव्हाच्या नियमांत वैयक्तिक वस्तूंची व्याख्या दैनंदिन गरजांच्या वस्तू अशी होती, तिथे नुकतीच विकत घेतलेली गिटार बसत नव्हती. दुसरं म्हणजे, ‘बायकोची सूट आणि आपली सूट मिळून एक लाख धरायची.’ दोन प्रवाशांची सूट एकत्र करता येत नाही. आणि सुटीच्या रकमेत फक्त गिटार नाही, सोबत आणलेल्या भेटवस्तूही मोजल्या जातात.

अतिथी नावाच्या सरकारी ॲपवर मी आधीच घोषणा भरली होती. बॅग घेऊन सरळ रेड चॅनलमध्ये, म्हणजे कर लागणाऱ्या वस्तू आणणाऱ्यांच्या रांगेत, गेलो. अधिकाऱ्यानं बिल पाहिलं, बॅग उघडायला लावली आणि नेक हातात घेऊन विचारलं, बाकीची कुठाय? मी बॉडी दाखवली. त्यानं बिलावरचा सिरियल नंबर नेकवरच्या नंबराशी पडताळला. कस्टम्सच्या जाहीर विनिमय दरानं गिटारचे ६६,६०० आणि बाकी भेटवस्तूंचे ४,००० धरले. ७०,६०० मधून ५०,००० वजा, उरलेल्या २०,६०० वर ३८.५ टक्के, म्हणजे ७,९३१ रुपये. कार्डानं भरले, पावती मिळाली, आणि पाऊण तासात मी बाहेर होतो. इतके महिने मनात घेऊन बसलेली भीती एवढ्यातच संपली. पावती जपून ठेवा. पुढे कधी हीच गिटार घेऊन परदेशी जायचं झालं, तर निघताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्यायचं, म्हणजे परतताना पुन्हा कर लागत नाही. तेव्हा मालकीचा पुरावा म्हणून ही पावती दाखवता येते.

घरी आल्यावर बॅग लगेच उघडली नाही. विमानाच्या पोटातली थंडी खाऊन आलेलं लाकूड, एक रात्र तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी जोडणी. इथे एक बारकावा आहे तो नीट वाचा. लाकडात आधीच आटे पडलेले असतात. स्क्रू भोकात ठेवला की लगेच घट्ट करायला जायचं नाही. आधी हलक्या हातानं उलटा फिरवायचा. एका जागी तो बारीकसा ‘टक्’ करून खाली बसतो, बोटाला ते जाणवतं. तो जुन्या आट्यात बसला. आता सुलटा फिरवायचा. असं न करता जोर लावला तर नवे आटे पडतात आणि लाकूड भुसभुशीत होतं. चारही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीनं आवळायचे.

अँप लावला आणि घूं घूं आवाजानं खोली भरली. सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच वेटोळ्याच्या, पिकअपला थोडा गुणगुणता आवाज असतोच, ती त्या काळच्या रचनेचीच बाजू आहे. पण हा त्यापलीकडचा होता, आणि पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की आवाजाचा पोत बदलायचा. आमचं प्रतापनगरचं घर ऐंशीच्या दशकातलं. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं बोर्ड उघडला, टेस्टर लावला, मग मागच्या अंगणात जाऊन आला.

‘भाऊ, अर्थिंगची वायर तं आहे, पण खाली कुठंच जोडून नाही.’

‘मग काय करायचं?’

‘नवा खड्डा करा लागते जी. कोळसा, मीठ, पाइप. तुमच्या गिटारचं सोडा, गिझरपायी तरी करून घ्या.’

३,५०० रुपये लागले. गुणगुण निम्म्याहून कमी झाली. गिटार घेऊन थोडं तिरकं बसलं की उरलेली गुणगुणही जवळपास जाते. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकानं घरचं अर्थिंग तपासून घ्यावं, कारण प्रश्न फक्त आवाजाचा नाही. अँपमध्ये बिघाड झाला आणि अर्थिंग नसलं, तर करंट तारांवाटे सरळ तुमच्या बोटांत येऊ शकतो.

डिसेंबर-जानेवारीत नागपूरची हवा गिटारला मानवते. त्या दिवसांत सेटिंग पूर्ण केलं. जुन्या टेलिकास्टरच्या ब्रिजवर (बॉडीवरचा, तारा टेकण्याचा भाग) सहा तारांना पितळेची तीनच सॅडल (तारेखालचे टेकू) असतात, दोन तारांना एक. त्यामुळे प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा सूर अचूक जुळवता येत नाही. एक जुळवली की जोडीदार थोडी ढळते. मी तिसऱ्या तारेला झुकतं माप दिलं, कारण कानाला तिचीच चूक जास्त खटकते. तिरपी कापलेली सॅडल मिळतात, त्यांनी हा प्रश्न बराच सुटतो. पण पितळेच्या साध्या नळीवरून येणारा तो टणक, उघडा आवाज ऐकूनच मी या गिटारकडे वळलो होतो. माझी मी तशीच ठेवलीत.

आणि मग एप्रिल आला.

खरी परीक्षा इथे होते, आणि याबद्दल परदेशी लेखांत काही सापडत नाही. दुपारची हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं. फ्रेट धातूच्या, त्या आकसत नाहीत. नेकच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं करवतीच्या दात्यांसारखी बोटाला लागायला लागली. महाल भागात हार्मोनियम आणि सतार दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांनी नेक डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटून पाहिला आणि म्हणाले, ‘सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधून असतात, सरकवता येतात. हे तं ठोकून आहेत. कड घासून देतो, पण लाकडाले हात लावणार नाही.’ फ्रेटच्या मधल्या लाकडावर त्यांनी कागदी टेप चिकटवली, बारीक कानसेनं एकेक टोक तिरपं केलं आणि शेवटी पाण्याचा पॉलिश पेपर फिरवला. ४०० रुपये. काम इतकं स्वच्छ की मी पुन्हा पुन्हा हात फिरवून बघत होतो.

कूलरनं उलटा प्रश्न उभा राहतो. ४५० रुपयांचा आर्द्रता मोजायचा छोटा मीटर आणला. बंद खोलीत दुपारी तो वीसच्या खाली, आणि कूलर सुरू असलेल्या खोलीत साठच्या वर. गिटार एका खोलीतून दुसरीत नेणं म्हणजे तासाभरात ऋतू बदलणं. उपाय साधा आहे: हार्ड केस घ्या (माझी ५,५०० ची), ती आतल्या, कूलर नसलेल्या खोलीत ठेवा, आणि केसमध्ये भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून पिळलेला स्पंजचा तुकडा ठेवा. तीन-चार दिवसांनी पुन्हा ओला करायचा. आकडा पंचेचाळीसच्या आसपास राहिला की पुरे. वाजवून झालं की केसमध्ये, उन्हाळाभर भिंतीवर टांगायची नाही. आणि गाडीत तर पाच मिनिटंही नाही.

तरी मे महिन्यात नेक सरळ झाला आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तारा खरखरायला लागल्या. नेकच्या आत लोखंडी ट्रस रॉड असतो, तो फिरवून नेकचा बाक कमी-जास्त करतात. आजच्या गिटारींत त्याचं तोंड हेडस्टॉकवर असतं, किल्ली घालून अर्ध्या मिनिटात काम. जुन्या पद्धतीत ते नेकच्या टाचेत, बॉडीच्या आत दडलेलं. म्हणजे तारा सैल करा, कॅपो (तारा जागच्या जागी दाबून धरणारा चिमटा) लावा, चार स्क्रू काढा, नेक उचला, ट्रस रॉड एक अष्टमांश वळसा सैल करा, नेक बसवा, ‘टक्’ ऐकून स्क्रू आवळा, सुरात लावा, आणि बघा. बघायचं असं: पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि सातव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघायची. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीपेक्षा किंचित कमी असावी. नसेल तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यांदा माझी एक अख्खी रविवारची दुपार गेली. जुलैमध्ये पाऊस लागला, नेक पुढे वाकला, तारा उंच झाल्या, आणि तेच काम उलट्या दिशेनं. आता हात बसलाय. पण ज्यांना स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचाच नाही त्यांनी आपल्या हवेत टाचेत ट्रस रॉड असलेली रीइश्यू घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हेडस्टॉकवर तोंड असलेल्या, बाकी रूप जुनंच ठेवलेल्या गिटारीही मिळतात.

सगळा खर्च मिळवला तर गिटार, ड्यूटी, अर्थिंग, केस आणि किरकोळ धरून ८४ हजारांच्या थोडा वर जातो. प्रवासाचा खर्च ऑफिसचा होता, तो तुम्हाला धरावा लागेल. केवळ गिटारसाठी टोकियोला जाणं परवडणार नाही. पण घरातलं कुणी येणार-जाणार असेल तर बिल, सिरियल नंबर आणि मोठी बॅग एवढ्या तयारीवर काम होतं. फक्त ज्याच्या हातून आणवाल त्याची करमुक्त सूट त्यात खर्ची पडते, हे त्याला आधी सांगा आणि रेड चॅनलमधूनच या म्हणावं.

एक विचारणा नेहमी होते की वायरिंग मूळचं करून घेतलं का. १९५२ मध्ये टेलिकास्टरला जी रचना आली तिच्यात दोन्ही पिकअप एकत्र वाजण्याची सोयच नव्हती. स्विच पुढे केला की पुढच्या पिकअपचा एकदम दबका, बेससारखा आवाज, मध्ये तोच पिकअप मोकळा, मागे ब्रिजचा. दोन्ही एकत्र वाजवणारी आजची रचना १९६७ च्या सुमारास आली. माझ्या गिटारमध्ये आजची रचना आहे आणि ती तशीच राहणार, कारण दोन्ही पिकअप एकत्र वाजताना जो काचेसारखा स्वच्छ आवाज येतो तो मला सोडवत नाही. व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) मात्र वयानं खरखरतो. सीताबर्डीला मोदी नंबरच्या गल्ल्यांत २५० किलोओहमचा मिळतो का विचारून आलो, तिथे २२० चा होता. त्यानं वरचा उजेड थोडा कमी होतो, म्हणून २५० चा ऑनलाइन मागवलाय. तो आला की सोल्डरिंग घरीच करणार आहे.